चिनी कंपन्या गरीब-मध्यम देशांतले धंदे का विकत घेतात? आधी विकणाऱ्याकडे बघूया

घाटमाथा (धागाकर्ता)

शेजारच्या धाग्यावर तळेगावच्या मोटार कारखान्यावरून सुरू झालेली चर्चा शेवटी 'चिनी लोक जग विकत घेत सुटलेत, वरून पक्षाचा आदेश आला की निघाले चेकबुक घेऊन' इथे येऊन अडकली. तिथे अवांतर वाढायला नको म्हणून हा वेगळा धागा.

माझं म्हणणं असं आहे की या व्यवहारांत आपण घेणाऱ्याचंच तोंड न्याहाळत बसतो. विकणारा कोण होता, तो का विकत होता आणि त्याला किती घाई होती, हे कुणी विचारत नाही. ते विचारलं की निम्मं कोडं सुटतं.

टेंके फुंगुरुमे घ्या. काँगोच्या दक्षिणेला लुआलाबा प्रांतातली तांबं आणि कोबाल्टची अवाढव्य खाण. मालक होती अमेरिकेची फ्रीपोर्ट-मॅकमोरान. या बाईंनी (कंपनीला बाई म्हणायची माझी जुनी खोड आहे) २०१३ मध्ये तांबं सोडून तेलात उडी मारली आणि दोन तेल कंपन्या घेऊन डोक्यावर कर्जाचा डोंगर करून ठेवला. वर्षभरात तेल गडगडलं आणि मागोमाग तांबंही. कर्ज फेडायचं तर जे चांगलं चालतंय तेच विकावं लागतं, कारण बुडीत माल कोण घेणार? २०१६ मध्ये टेंकेतला ५६ टक्के हिस्सा २.६५ अब्ज डॉलरला गेला. घेणारी चायना मॉलिब्डेनम, आताचं नाव सीएमओसी, हनान प्रांतातल्या लुओयांग शहरातली. त्याच वर्षी अँग्लो अमेरिकन ही दुसरी कर्जबाजारी खाण कंपनी ब्राझीलमधल्या नायोबियम आणि फॉस्फेटच्या खाणी विकत होती. त्याही दीड अब्ज डॉलरला सीएमओसीनेच उचलल्या. पुढे डिसेंबर २०२० मध्ये फ्रीपोर्टने काँगोतलाच किसान्फू नावाचा, अजून उघडलेलाही नसलेला साठा ५५ कोटी डॉलरला त्यांनाच देऊन टाकला. काही महिन्यांत बॅटरीवाली सीएटीएल तिथे भागीदार म्हणून आली. २०२३ मध्ये कोबाल्टच्या उत्पादनात सीएमओसी ग्लेनकोर या बड्या खाण कंपनीच्या पुढे गेली.

आता 'पक्षाचा आदेश' या सिद्धांताला इथे एक अडचण आहे. टेंके घेतली तेव्हा सीएमओसीचा सर्वात मोठा भागधारक खाजगी होता, सरकारी नव्हे. लुओयांगची सरकारी कंपनी दुसऱ्या नंबरवर. सरकारी बँकांचा हात पाठीवर होता हे खरं, पण बाजारात पडलेल्या भावात माल हेरणारा माणूस व्यापारी होता.

त्यांना मुख्यतः वेळ विकत घ्यायचा असतो असं मला वाटतं. साठा शोधा, भोकं पाडून नमुने काढा, परवाने मिळवा, गावं हलवा, रस्ता-वीज आणा, मग पहिली ट्रक निघते. यात दहा-पंधरा वर्षं सहज जातात. चालती खाण घेतली की हे सगळं दुसऱ्याने केलेलं असतं आणि वादही बरेचसे त्याच्या नावावर जमा असतात.

खाणींबद्दल मी थोडंफार वाचलंय. कारखाने, औषधं, वीज यात कुणाला आतली माहिती असेल तर लिहा.

पावटा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. येऊ द्या.

खडूस_पुणेकर

धागालेखक, लेख छान आहे पण अर्धाच आहे. विकणाऱ्याला निकड होती, मान्य. पण विकणाऱ्याच्या दारात चारजण उभे असताना नंबर चिन्याचाच कसा लागतो?

आपल्या ओएनजीसीला विचारा. २००५ मध्ये पेट्रोकझाकस्तान ही तेल कंपनी विकायला निघाली, मित्तलांना बरोबर घेऊन आपणही उतरलो. चीनच्या सरकारी तेल कंपनी सीएनपीसीने ४.१८ अब्ज डॉलर लावले आणि घेऊन गेली. त्याच वर्षी एनकानाची इक्वेडोरमधली तेलक्षेत्रं, तिथेही आपण रांगेत, तिथेही चिनी गट. त्याच्या आदल्या वर्षी अंगोलात शेल आपला हिस्सा आपल्याला द्यायला तयार होती, पण तिथल्या सरकारी कंपनीने मध्ये पडून पहिल्या खरेदीचा स्वतःचा हक्क वापरला. चीनने त्याच काळात अंगोलाला दोन अब्ज डॉलरचं कर्ज दिलं होतं, हा योगायोग म्हणायचा का? आणि सगळ्यात जिव्हारी लागणारं कझाकस्तानचं कशागान तेलक्षेत्र. कोनोकोफिलिप्सशी ओएनजीसी विदेशचा पाच अब्जांचा करार झालेला, २०१३ मध्ये कझाक सरकारने आपला पहिला हक्क बजावून तो हिस्सा स्वतः घेतला आणि सीएनपीसीला दिला.

याला व्यापार म्हणायचं असेल तर म्हणा. मला यात सरकार, बँक आणि कंपनी एकाच टेबलावर बसलेली दिसतात. आपल्याकडे फाईल कॅबिनेटच्या समितीकडे जाऊन परत येईपर्यंत लिलाव संपलेला असतो.

आकडेमोड

@खडूस_पुणेकर, कझाकस्तानच्या उदाहरणात आणखी एक गोष्ट आहे जी तुम्ही सोडलीत. सीएनपीसी जास्त का मोजू शकली? डिसेंबर २००५ मध्ये अतासू ते अलाशानको ही पाइपलाइन पुरी झाली. पेट्रोकझाकस्तानचं कुमकोलचं तेल त्या नळात घालून थेट चीनमध्ये नेता येणार होतं. ओएनजीसीला तेच तेल मुंबईला आणायचं तर ना नळ, ना वाट. तीच विहीर, पण त्यांच्यासाठी तिची किंमत खरोखरच जास्त होती. आणि तरी कझाक सरकारने परवानगी देताना त्यातला हिस्सा आपल्या काझमुनायगॅससाठी काढून घेतलाच. यजमान देश अगदीच भोळे नसतात.

खाणींचंही तेच. जगातलं निम्म्याहून जास्त तांबं चीनमध्ये वापरलं जातं. कोबाल्ट निघतो काँगोत, पण त्याचं शुद्धीकरण बहुतांश चीनमध्ये होतं. ज्याच्याकडे भट्टी आहे त्याला खाणीवर थोडा कमी नफा परवडतो, कारण भट्टी रिकामी राहिली तर त्याचं नुकसान दुप्पट. लंडनच्या कंपनीला दर तिमाहीला भागधारकांना तोंड दाखवायचं असतं, तिचा हिशोब वेगळा.

आता सरकारचं. 'बाहेर पडा' हे धोरण साधारण २००० पासून आहे, २००१ च्या पंचवार्षिक योजनेत ते आलं. निर्यातीतून आलेले डॉलर साठत साठत २०१४ च्या मध्यात चार ट्रिलियनच्या जवळ गेले. ते अमेरिकन रोख्यांत चिल्लर व्याजावर ठेवण्यापेक्षा खाणी-बंदरं घेतलेली बरी, हा विचार कुणीही करेल. पण सरकार फक्त ढकलतं असं नाही. २०१६ मध्ये बाहेरची गुंतवणूक १९६ अब्ज डॉलरपर्यंत गेली आणि युआन घसरायला लागला, तेव्हा याच सरकारने करकचून ब्रेक लावला. हॉटेलं, सिनेमागृहं, फुटबॉल क्लब, परदेशी इमारती यांना 'अविवेकी' गुंतवणूक ठरवून परवानग्या थांबवल्या. म्हणजे त्याआधी बरंच काही आदेशाशिवाय, किंबहुना पैसा देशाबाहेर काढायच्या इराद्यानेच चाललेलं होतं. बड्या खाजगी शेठजींना आपली थोडी पुंजी पक्षाच्या हाताबाहेर असावी असं वाटणं हेही एक कारणच आहे की.

आणि प्रत्येक वेळी ते शहाणेच ठरतात असंही नाही. तियानची लिथियमने २०१८ मध्ये लिथियम आणि पोटॅश काढणाऱ्या चिलीच्या एसक्यूएममधला २३.७७ टक्के हिस्सा ४.०७ अब्ज डॉलरला घेतला, तोही बहुतेक सगळा कर्ज काढून. वर्षभरात लिथियमचे भाव पडले आणि कंपनी हप्ते चुकवायच्या बेतात आली. शेवटी आपल्या ऑस्ट्रेलियातल्या धंद्याचा ४९ टक्के भाग १.४ अब्ज डॉलरला देऊन मान सोडवली. वर चिलीच्या स्पर्धा नियामकाची अट, की तुमची माणसं संचालक म्हणून बसवायची नाहीत. चार अब्ज देऊन आत डोकावायचीही चोरी.

मजा म्हणजे तो हिस्सा बाजारात आला कसा? कॅनडाच्या दोन खत कंपन्या एकत्र होऊन न्यूट्रियन बनत होत्या. त्यांना मंजुरी देताना चीनच्या आणि आपल्या स्पर्धा आयोगाने अट घातली की इतर पोटॅश कंपन्यांतले हिस्से विका. एसक्यूएम तियानचीकडे गेली, जॉर्डनच्या अरब पोटॅशमधला हिस्सा चिनी सरकारी एसडीआयसीकडे. विकायला आपण लावलं, घेतलं त्यांनी!

घाटमाथा

@आकडेमोड, हेच हत्यार चीनने एकट्यानेही वापरलंय. ग्लेनकोरला एक्स्ट्राटा ही दुसरी खाण कंपनी गिळायची होती. चीनच्या वाणिज्य मंत्रालयाने २०१३ मध्ये सांगितलं, मंजुरी हवी तर पेरूमधला लास बांबास हा तांब्याच्या खाणीचा प्रकल्प विका. २०१४ मध्ये तो ५.८५ अब्ज डॉलरला घेतला एमएमजीच्या नेतृत्वाखालच्या चिनी गटानेच. म्हणजे खडूसरावांचा मुद्दा इथे सोळा आणे खरा. विकणाऱ्याची निकडसुद्धा घेणाऱ्याच्या सरकारनेच तयार केली.

पण पुढचं ऐका. मूळ आराखड्यात तांब्याचा माल पाइपलाइनने न्यायचा होता. नंतर आराखडा बदलला आणि माल ट्रकने न्यायचं ठरलं. आपुरिमाकच्या डोंगरातून चुंबिविल्कासच्या मातीच्या रस्त्याने रोज शेकडो ट्रक धूळ उडवत जायला लागले. शेतं धुळीने माखली, घरं हादरली, आणि त्या गावांशी कुणी धड बोललंही नव्हतं. खाण सुरू झाल्यापासून रस्ता अडवून ठेवण्याचे शेकडो दिवस झालेत. २०२२ मध्ये तर फुएराबांबाचे आधी हलवलेले गावकरी परत येऊन खाणीच्या जागेत तंबू ठोकून बसले आणि खाण दीड महिन्याहून जास्त बंद पडली. जुन्या मालकाचे वाद मालाबरोबर फुकट मिळतात, ते असे.

आंबोळी

वाचतेय. शाळेत असताना कांगो-कटंगाचा पट्टा नकाशात रंगवला होता तो आता कळतोय.

अवांतर: हंबनटोटाचं कुणी बोललं नाही अजून? कर्ज फिटेना म्हणून बंदर लिहून घेतलं ना?

आकडेमोड

@आंबोळीताई, तसं सरसकट झालं नाही. २०१७ मध्ये चायना मर्चंट्स पोर्टने १.१२ अब्ज डॉलर देऊन ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर बंदराचा ७० टक्के हिस्सा घेतला. बंदरासाठी घेतलेलं कर्ज त्यात माफ झालं नाही, ते तसंच फेडायचं राहिलं. आलेले डॉलर श्रीलंकेने गंगाजळीत घातले, कारण तिला खरी टोचणी होती ती पाश्चात्त्य बाजारात विकलेल्या रोख्यांच्या परतफेडीची. पुन्हा तेच, विकणारा अडलेला. यावर खूप लिहिलं गेलंय, इथे नको.

चाकणचा_मामा

तळेगावचं नाव निघालंच आहे तर मोटारीचं बोलतो. आमचं प्रेस पार्टचं छोटं युनिट आहे, दोन पिढ्या याच धंद्यात.

चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सने दोन वर्षांच्या आत तीन बंद पडत चाललेले कारखाने धरले. जानेवारी २०२० मध्ये जनरल मोटर्सचं तळेगाव. पुढच्याच महिन्यात जनरल मोटर्सचंच थायलंडमधलं रायोंग. ऑगस्ट २०२१ मध्ये ब्राझीलमध्ये इरासेमापोलिसचा मर्सिडीजचा कारखाना, तिथलं उत्पादन मर्सिडीजने आदल्या डिसेंबरात थांबवलं होतं. तिन्ही ठिकाणी गोष्ट एकच. गोरा मालक बाजार सोडून चाललेला, शेड उभी, पेंट शॉप उभं, परवाने शाबूत, आसपास व्हेंडर बसलेले. मोटार कारखान्यात सगळ्यात जास्त वेळ आणि कटकट पेंट शॉपची. पर्यावरणाची संमती, सांडपाणी, ओव्हन, कन्व्हेयर. ते आयतं मिळतंय म्हटल्यावर मोकळ्या माळावर कोण जाईल?

रायोंगमध्ये २०२१ च्या जूनमध्ये गाडी बाहेर पडली. तिथून उजव्या हाताच्या स्टिअरिंगची गाडी आग्नेय आशियात कमी जकातीत पाठवता येते. ब्राझीलला थोडा उशीर झाला, २०२५ च्या ऑगस्टमध्ये उद्घाटन, पण तिथे घाई लागायला कारण होतं. ब्राझीलने जानेवारी २०२४ पासून विजेच्या गाड्यांवर जकात परत लावली, टप्प्याटप्प्याने ३५ टक्क्यांपर्यंत. भिंत चढायची नसेल तर आत घर पाहिजे. चीनच्याच बीवायडीने बाहियात फोर्डचा सोडलेला कामासारीचा कारखाना धरला तो याच हिशोबाने.

आणि तळेगाव? १५ जून २०२० ला 'मॅग्नेटिक महाराष्ट्र'मध्ये ३,७७० कोटींचा सामंजस्य करार झाला आणि त्याच रात्री गलवान घडलं. आठवड्यात करार थांबवले. खरं तर एप्रिलमध्येच केंद्राने सीमेला लागून असलेल्या शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारी मंजुरी बंधनकारक करणारी 'प्रेस नोट ३' काढली होती. चीनच्या मध्यवर्ती बँकेचा एचडीएफसीतला हिस्सा एक टक्क्यावर गेल्याची बातमी आली आणि दिल्ली जागी झाली. दोन वर्षं ताटकळून २०२२ च्या मध्यात तो व्यवहार संपला. मधल्या काळात कामगारांचे काय हाल झाले ते मावळात कुणालाही विचारा. शेवटी ह्युंदाईने कारखाना घेतला.

आता माझा अनुभव. मधल्या काळात एका चिनी वाहन कंपनीची (नाव नको) चौकशी आमच्याकडे आली होती. ड्रॉइंगबरोबर एक तक्ता भरायला दिला. पत्र्याचा ग्रेड, ब्लँकचं वजन, स्क्रॅप किती, कोणत्या टनाचं प्रेस, मिनिटाला स्ट्रोक किती, माणसं किती. इतपत सगळेच मागतात. पण डायच्या (पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याच्या) रकान्यात आधीच छापून आलेलं होतं: 'खरेदीदाराकडून पुरवठा'. डाय चीनहून येणार, आमच्याकडे फक्त ठोकायचं काम. माझ्या टूलरूममधली जी दोन-चार हुशार पोरं आहेत त्यांना त्यात काही काम नाही. भाव इतका खाली मागितला की मी हात जोडले. पण मला एक कळलं. तिकडे त्यांच्याकडे डाय बनवणारी एवढी दुकानं रिकामी बसलीयत की त्यांना काम देण्यासाठीसुद्धा बाहेर कारखाना हवाय. देशात गाड्यांच्या किमतीची मारामारी चाललीय, खपापेक्षा क्षमता जास्त झालीय. बाहेर नफा आहे. कारखाना परदेशात, पण त्याच्या पोटातलं सगळं घरचंच.

पावटा

मामा, दंडवत. यावर वेगळा लेख पाडा.

खडूस_पुणेकर

मामा, म्हणजे तळेगाव त्यांना मिळालं नाही हे बरंच झालं की!

चाकणचा_मामा

असं एका ओळीत नाही हो सांगता येत. रांजणगावला चिनी हायरने २००७ मध्ये अँकर-देवूचा फ्रीजचा कारखाना घेतला. तोही असाच मालकाने सोडलेला. आज तिथे केवढा पसारा वाढलाय बघून या, कितीतरी घरं त्यावर चालतात. आणि कामासारीत बीवायडीच्या बांधकामावर डिसेंबर २०२४ मध्ये ब्राझीलच्या कामगार निरीक्षकांनी गुलामीसारख्या अवस्थेत ठेवलेले १६३ चिनी मजूर सोडवले, तेही खरं. कंत्राटदाराचे होते म्हणतात. कंत्राटदार कुणी नेमला? सरकारी निरीक्षक जागा असला तर एक होतं, झोपला तर दुसरं.

इंजेक्शनवाली

मी औषधकंपनीत गुणवत्ता विभागात आहे, हैदराबादला. ग्लँड फार्माबद्दल लिहिते. ही माझी कंपनी नव्हे, पण याच गल्लीतली.

शांघायच्या फोसुन फार्माने जुलै २०१६ मध्ये ग्लँडचे ८६ टक्के १.२६ अब्ज डॉलरपर्यंत घेण्याचं जाहीर केलं. आपल्याकडे चालत्या औषध कंपनीत ७४ टक्क्यांपर्यंत परकी मालकी आपोआप चालते, त्याच्या वर गेलं की सरकारची मंजुरी. ती येईना. दरम्यान डोकलाम झालं. शेवटी फोसुनने हिस्सा बरोब्बर ७४ टक्क्यांवर आणला, १.०९ अब्ज डॉलर मोजले आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये व्यवहार पुरा केला. त्या वेळेपर्यंत चिनी कंपनीने भारतात केलेली ही सर्वात मोठी खरेदी होती.

इथे ना खाण, ना जकातीची भिंत. मग घेतलं काय? इंजेक्शनच्या कारखान्यात भिंती आणि यंत्रं कुणीही उभी करतो. अमेरिकेच्या एफडीएचा निरीक्षक येऊन बॅच रेकॉर्ड उलटतो, निर्जंतुक खोलीत ऑपरेटर हात कसा हलवतो ते काचेतून बघतो, संगणकातल्या खोडलेल्या नोंदी काढायला सांगतो. त्यातून वर्षानुवर्षं नीट पार पडल्याचा इतिहास लागतो. तो ग्लँडकडे होता आणि त्यामागे अमेरिकेतल्या मंजुऱ्यांचा गठ्ठा. तेव्हाच्या चिनी इंजेक्शन कंपन्यांकडे तो फारसा नव्हता. त्यात हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) हा ग्लँडचा जुना माल, आणि २००८ मध्ये चीनहून गेलेल्या भेसळयुक्त हेपॅरिनने अमेरिकेत माणसं दगावली होती. त्यानंतर चिनी नावाला अमेरिकेत काय किंमत होती ते आम्हा लोकांना माहीत आहे.

घाटमाथा, तुमचा विकणारा इथेही आहे. केकेआर ही खाजगी गुंतवणूक कंपनी आत होती, तिला ठरल्याप्रमाणे बाहेर पडायचं होतं. पण ती काही अडलेली नव्हती, चांगला भाव घेऊन गेली. त्यामुळे 'विकणारा अडलेला असतो' हे सगळीकडे लागू नाही. काही वेळा ते पूर्ण किंमत मोजून नाव आणि विश्वास घेतात. आणि नंतर कंपनी जवळपास तशीच चालू देतात. व्यवस्थापन भारतीयच राहिलं, २०२० मध्ये शेअर बाजारात आली, २०२३ मध्ये ग्लँडने स्वतः फ्रान्सची सेनेक्सी घेतली.

घाटमाथा

@इंजेक्शनवाली, 'विकणारा अडलेला'पेक्षा 'विकणारा निघालेला' म्हणू, मग तुमची केकेआरही त्यात बसेल. ब्राझीलच्या विजेतही दोन्ही जाती दिसतात. चीनच्या सरकारी स्टेट ग्रिडने तिथल्या सीपीएफएल या वीज कंपनीचा ताबा घेतला तेव्हा विकणाऱ्यांत कामार्गो कोरेया ही बांधकाम कंपनी होती, 'लावा जाटो' भ्रष्टाचार प्रकरणात अडकलेली, पैशाची भुकेली. चिली आणि पेरूत मात्र अमेरिकेची सेम्प्रा आरामात दुकान आवरत होती. तिचा चिलीतला धंदा स्टेट ग्रिडने घेतला, लिमातला यांगत्झे पॉवरने. पुढे इटलीच्या एनेलनेही लिमातली उरलेली अर्धी वीज विकली, ती चायना सदर्न पॉवर ग्रिडने घेतली. आज लिमात कुठेही दिवा लावा, बिल चिनी मालकाच्या कंपनीचं. वीजवितरणात नफा नियामक ठरवतो, तो बराचसा स्थिर, आणि मायदेशात सरकार विजेचे दर दाबून ठेवतं. निवृत्तिवेतन निधी जशा गोष्टी शोधतात तशी ही गुंतवणूक आहे, यात भू-राजकारण शोधायला फार कष्ट पडतात. पेरूच्या स्पर्धा नियामकाला मात्र एकाच शहराच्या दोन्ही कंपन्या एकाच सरकारच्या हातात जाण्याची काळजी वाटली होती, आणि ती रास्त आहे.

कॉपरबेल्टी

झांबियात किट्वेला हिशेबनीस म्हणून नोकरी करतो, मूळ सांगोल्याचा. धागा आजच दिसला. इथे चिनी मालक आणि भारतीय मालक शेजारी शेजारी आहेत, म्हणून लिहितो.

चांबिशीची खाण १९८७ पासून बंद होती. १९९८ मध्ये चीनच्या सरकारी कंपनीने ती दोन कोटी डॉलरला घेतली. पहिली काही वर्षं नाव वाईटच झालं. २००५ मध्ये तिथल्या स्फोटकांच्या कारखान्यात स्फोट होऊन चाळीसहून जास्त कामगार गेले. पगार कमी, नोकऱ्या कंत्राटी. पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत विरोधी नेते मायकेल साटांनी चिन्यांविरुद्ध रान उठवलं, तेव्हा हरले, पण २०११ मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेच.

आता दुसरी बाजू. २००८ च्या मंदीत तांबं आपटलं तेव्हा लुआन्श्याचे परकी मालक खाण बंद करून निघून गेले. चांबिशीवाल्यांनी माणसं कमी केली नाहीत, उलट २००९ मध्ये लुआन्श्याही घेतली. नोकरी गेलेल्यांना परत बोलावलं. गावात आजही म्हातारे हे सांगतात. अर्थात २०१५ मध्ये भाव पुन्हा पडल्यावर लुआन्श्याची बालुबा खाण त्यांनीही बंद केली आणि हजारावर कामगार घरी बसवले. सरकारी मालक जास्त दम धरतो, कायमचा नाही.

आणि आपले? वेदांताने २००४ मध्ये कोंकोलाच्या तांब्याच्या खाणींचे ५१ टक्के अडीच कोटी डॉलरला घेतले. गोव्यात ज्यांनी सेसा घेतली तेच हे. चिंगोलाच्या गावकऱ्यांनी नदीच्या प्रदूषणासाठी थेट इंग्लंडमध्ये दावा लावला, आणि २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो इंग्लंडमध्ये चालेल असं सांगितलं. त्याच वर्षी झांबिया सरकारने खाण ताब्यात घेतली, मग नवं सरकार आलं आणि वेदांताला परत दिली. तेव्हा बाजारात बोलताना मी फार कॉलर वर करत नाही. 'तुम्ही आणि ते सारखेच' हे ऐकून घ्यावं लागतं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये चांबिशीजवळच्या सायनो-मेटल्सचा गाळाचा बांध फुटला आणि आम्ल काफुए नदीत गेलं. किट्वेचं पाणी बंद करावं लागलं. नळाला पाणी नाही, बाटल्यांचे भाव वर, नदीकाठी मेलेले मासे आणि जळालेला मका. सरकारने चुना टाकून आम्ल मारायचा प्रयत्न केला, बोटीतून आणि विमानातूनही. ही सायनो-मेटल्स त्याच चांबिशीवाल्या सरकारी गटाची.

खडूसरावांच्या प्रश्नाचं, म्हणजे चिन्याचाच नंबर कसा लागतो याचं, इथलं उत्तर मला लुबांबेत दिसतं. कोंकोलाच्या शेजारची खाण. जमिनीखाली इतकं पाणी की पंप थांबवला तर संपलं. ब्राझिलियन आणि दक्षिण आफ्रिकी मालकांनी सोडली, मग ऑस्ट्रेलियाच्या एका गुंतवणूक कंपनीनेही. २०२४ मध्ये चीनच्या जेसीएचएक्सने ८० टक्के हिस्सा घेतला, नावापुरत्या एक डॉलरला. ही मुळात कंत्राटावर बोगदे खणून देणारी कंपनी. दुसऱ्यांच्या खाणी खणून खणून हात बसलेला, यंत्रं आणि माणसं स्वतःची, त्यामुळे जिथे इतरांना तोटा दिसतो तिथे तिला काम दिसतं. एका डॉलरसाठीसुद्धा दुसरं कुणी दारात उभं आहे असं काही इथे ऐकू आलं नाही.

खडूस_पुणेकर

कॉपरबेल्टी, हा प्रतिसाद आवडला. पण लुबांबे ही उरलीसुरली. टेंके, कशागान उरलंसुरलं नव्हतं. चांगल्या मालावर सरकारी जोर आणि टाकाऊ मालावर कंत्राटदाराची हौस, असे दोन वेगळे चिनी मानायचे का?

आकडेमोड

दोन नाही, निदान चार-पाच तरी. तेलवाल्या सरकारी कंपन्या वेगळ्या, लुओयांगसारख्या नगरीतल्या अर्धसरकारी-अर्धखाजगी वेगळ्या, फोसुनसारखे शेठ वेगळे, मोटारवाले वेगळे. एकाच देशाचा पासपोर्ट आहे म्हणून आपण त्यांना एका गोणीत भरतो.

आणि यजमान सरकारंही आता शिकतायत. काँगोने टेंकेच्या साठ्याचा हिशोब चुकवल्याचा आरोप करून २०२२ च्या मध्यापासून तिथली निर्यात जवळपास दहा महिने अडवली आणि सरकारी जेकामिन्ससाठी ८० कोटी डॉलरवर तडजोड केली. झिंबाब्वेत हुआयूने अर्केडियाची लिथियम खाण ४२.२ कोटी डॉलरला घेतली, त्याच वर्षी सरकारने कच्चं लिथियम बाहेर न्यायला बंदी केली, प्रक्रिया इथेच करा म्हणून. खाण उचलून नेता येत नाही, हे तिथल्या मंत्र्यांना कळलंय.

चाकणचा_मामा

कारखाना मात्र उचलून नेता येतो साहेब, निदान त्याचं डोकं तरी. २०२४ मध्ये बातमी होती की बीजिंगने आपल्या मोटार कंपन्यांना समज दिली, बाहेर कारखाने काढा पण महत्त्वाचं तंत्र घरी ठेवा, बाहेर फक्त सुटे भाग जोडा, आणि भारतात तर गुंतवणूक नकोच. पुढच्या वर्षी आयफोन बनवणाऱ्या कारखान्यांतून चिनी इंजिनिअर परत बोलावल्याचंही आलं. माझ्या त्या तक्त्यातल्या डायच्या रकान्यावर आता सरकारी शिक्का बसला म्हणायचा. आमच्याकडे सध्या एका कोरियन कंपनीच्या व्हेंडरचं काम आहे. त्यांच्या डाय चेन्नईहून येतात, दुरुस्ती मात्र आमच्या टूलरूममध्ये होते, आणि पुढच्या मॉडेलच्या दोन छोट्या डाय इथेच बनवा म्हणालेत. पोरं खूश आहेत.

आंबोळी

मामा, फोटो टाका त्या डायचे झाल्यावर. कंपनी परवानगी देत असेल तर.